न काढलेली रेषा : महादेव विश्वनाथ धुरंधर

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा एका प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्यात मुचलिंद नागाचे शिल्प असलेला कठड्याचा एक स्तंभ मिळाला. तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील मानला जातो. बोधीनंतर ध्यानस्थ बसलेल्या बुद्धावर या नागराजाने फणा धरून पावसापासून त्याचे रक्षण केले, अशी कथा आहे. पवनीच्या शिल्पात फणा आहे, आसन आहे, पण बुद्धाची मूर्ती नाही. तरीही फण्यावरून खाली येणारी दृष्टी त्या रिकाम्या आसनावर स्थिरावते आणि तेथे कोणी तरी बसले आहे, असे वाटू लागते. दगडात कोठेही न कोरलेली एक रेषा शिल्पकाराने आपल्या डोळ्यांत ओढलेली असते.

चित्रकलेत हिला सूचित रेषा म्हणता येईल. एका पात्राने दुसऱ्याकडे टाकलेला कटाक्ष, पुढे केलेला हात, तिरका भाला, ओळीने मांडलेली मस्तके, पदराचा वळसा अशा गोष्टी आपली नजर ठरावीक दिशेने नेतात. प्रत्यक्ष रेषा मात्र कोठेच दिसत नाही. ही विद्या ज्यांच्या हातात आयुष्यभर खेळली आणि मराठी घरांपर्यंत पोहोचली, असे चित्रकार म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. पवनीचे शिल्प उजेडात आले ते त्यांच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी. त्यामुळे त्यांनी ते पाहिले असण्याचा प्रश्नच नाही. परंतु प्रेक्षकाची नजर हाताला धरून नेण्याची जी रीत त्या अनाम शिल्पकाराला उमगली होती, तीच धुरंधरांनी एका अगदी वेगळ्या शाळेत शिकून आत्मसात केली.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. शालेय वयातच त्यांना चित्रकलेची ओढ लागली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले आबालाल रहिमान हे कोल्हापुरातील चित्रकार त्यांच्यापुढे आदर्श म्हणून होते. १८९० साली ते स्वतः जे. जे. मध्ये दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तेथे प्रमुख होते. याच ग्रिफिथ्स यांनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या होत्या. म्हणजे युरोपीय वास्तववादी शिक्षण देणाऱ्या त्या वास्तूत प्राचीन भारतीय रचनेचीही जाण होती. शरीररचना, यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश यांचे धडे गिरवतानाच अनेक पात्रे एका चौकटीत कशी बसवावीत, हे धुरंधर तेथे शिकले.

१८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी ते जे. जे. मध्ये शिक्षक झाले. त्यानंतर मुख्याध्यापकपदापर्यंत चढत गेलेले धुरंधर १९३० साली संस्थेचे संचालक म्हणून काम पाहू लागले. या पदाचा कार्यभार मिळालेले ते पहिले भारतीय होत. मात्र हा मान तात्पुरता होता आणि तोही सेवेच्या अगदी अखेरीस आला. १९३१ साली ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून एकेचाळीस वर्षे त्यांनी त्या एकाच संस्थेत काढली. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचे नाव त्यावरूनच आले आहे.

नोकरी सांभाळून त्यांनी केलेले काम थक्क करणारे आहे. सी. ए. किंकेड यांच्या दख्खनी कहाण्यांचे १९१४ सालचे पुस्तक, एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरचे पुस्तक, ऑटो रॉथफील्ड यांचे भारतीय स्त्रियांवरचे पुस्तक अशा अनेक ग्रंथांना त्यांच्या चित्रांनी रूप दिले. ‘वीसमी सदी’ या गुजराती मासिकासाठी त्यांनी चित्रे काढली. छापील चित्रांतून आणि पोस्टकार्डांतून ते सामान्यांच्या घरी पोहोचले. पुस्तकातील चित्राला जागा थोडी आणि वाचकाचा वेळही थोडाच मिळतो. कथेतील नेमका क्षण पहिल्या दृष्टिक्षेपात कळला पाहिजे. तेथे कोण कोणाकडे पाहते, कोणाचा हात कोठे वळतो, यावरच सारे अवलंबून असते. धुरंधरांची पात्रे म्हणूनच क्वचितच उगाच उभी असतात. त्यांची नजर आणि हालचाल वाचकाला कथेच्या गाभ्याशी नेऊन सोडते.

या कौशल्याचा मोठा आविष्कार त्यांच्या शिवराज्याभिषेकाच्या चित्रात दिसतो. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने त्यांनी शिवचरित्रातील प्रसंग रंगवले. राज्याभिषेकाच्या दरबारात शंभरांहून अधिक माणसे आहेत. सरदार, मानकरी, सेवक, अभिवादन करणारा इंग्रज वकील अशी ही दाटी आहे. इतक्या गर्दीत नजर हरवणे सोपे होते. पण वळलेले चेहरे आणि झुकलेली शरीरे आपल्याला कोठून तरी सिंहासनाकडे परत आणतातच. महाराजांना इतरांहून अवाढव्य आकारात दाखवण्याची गरज चित्रकाराला पडली नाही, कारण सारा दरबारच त्यांच्याकडे बोट दाखवतो.

तरीही धुरंधरांच्या वाट्याला समीक्षकांची उपेक्षा आली. बंगालमध्ये ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ टागोर यांच्या प्रभावाखाली जे पुनरुज्जीवन घडले, त्याच्या दृष्टीने जे. जे. चा वास्तववाद म्हणजे परक्यांची नक्कल होती. स्वातंत्र्यानंतर आधुनिकतावादी आले आणि कथा सांगणारे चित्रच त्यांना जुनाट वाटू लागले. पुस्तकांसाठी आणि छपाईसाठी राबलेला हात केवळ सजावटकाराचा ठरवला गेला. वास्तविक नऊवारीतील बाई, देवळाचा सभामंडप, मुंबईचा रस्ता यांना त्यांनी दिलेली मांडणी कोणा विलायती चित्रकाराकडून उसनी आणलेली नव्हती. तंत्र बाहेरचे होते, पाहणे इथलेच होते.

१ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर यांनीही चित्रकलेची वाट धरली. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुहास बहुळकर यांच्या संयोजनाखाली धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले आणि नव्या पिढीला त्यांचा आवाका एकत्र पाहता आला.

पवनीचा तो स्तंभ आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. औंधला यमाई देवीच्या डोंगरावर पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय आहे. या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्याने एखाद्या कृतीपुढे थोडा वेळ थांबावे आणि आपली नजर प्रथम कोठे गेली, तेथून कोठे वळली, हे स्वतःलाच विचारावे. ती वाट कोणी तरी आधीच आखून ठेवलेली असते. पवनीत ती आखणाऱ्याचे नाव काळाने पुसले. धुरंधरांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा ते विसरण्याला आपल्याजवळ काहीच सबब नाही.