ढगांतील धूळ मोजणारे जॉन एटकेन

मोसमी पावसाचा विषय निघाला की समुद्रावरून येणारे बाष्प, वारे आणि कमी दाबाचे पट्टे यांचीच चर्चा होते. हवेतील धुळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक या धुळीवाचून ढगच तयार होणार नाहीत. ही बाब प्रयोगांनी सिद्ध करण्यासाठी आयुष्य वेचले ते स्कॉटलंडमधील जॉन एटकेन यांनी. धूलिकण आणि पाऊस यांच्या नात्याचा आज जो अभ्यास चालतो, त्याची पायाभरणी त्यांच्या काचेच्या भांड्यांत झाली.

एटकेन यांचा जन्म १८ सप्टेंबर १८३९ रोजी फॉल्कर्क या गावी झाला. वडील वकील होते. ग्लासगो विद्यापीठात, पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ख्यातकीर्त झालेल्या विल्यम थॉमसन यांच्याकडे त्यांनी शिक्षण घेतले आणि जहाजबांधणीच्या कारखान्यात उमेदवारी केली. सागरी अभियंता होण्याची सारी तयारी झालेली असतानाच प्रकृतीने दगा दिला आणि त्यांना तो व्यवसाय कायमचा सोडावा लागला. पुढे त्यांनी घरीच प्रयोग सुरू केले. लागणारी उपकरणे ते स्वतःच्या हातांनी बनवीत. कारखान्यातील उमेदवारी अशी वेगळ्याच कामी आली.

डिसेंबर १८८० मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी धूळ, धुके आणि ढग यांवरील निबंध मांडला. प्रयोग अगदी साधा होता. एका काचपात्रात नेहमीची हवा, तर दुसऱ्यात कापसातून गाळलेली हवा भरून दोन्हींत वाफ सोडण्यात आली. पहिले पात्र दाट धुक्याने भरून गेले. दुसरे मात्र स्वच्छ व पारदर्शक राहिले. बाष्पाला थेंबाचे रूप घेण्यासाठी बसायला जागा लागते आणि ती जागा धूलिकण पुरवतात, हा त्याचा अर्थ होता. फ्रान्समध्ये कुलिए यांनी १८७५ मध्येच असे प्रयोग केले होते. पण एटकेन स्वतंत्रपणे तेथे पोहोचले आणि त्यांनी हा विषय तडीस नेला. हवेत धूळच नसती तर ढग वा धुके न बनता बाष्प थेट घरांच्या भिंतींवर, झाडांवर आणि आपल्या कपड्यांवर साचले असते, असे त्यांनी दाखवून दिले.

यानंतर १८८८ च्या सुमारास त्यांनी डोळ्यांना न दिसणारे कण मोजणारे यंत्र तयार केले. हवेचा नमुना एकदम प्रसरण पावू दिला की ती थंड होते, प्रत्येक कणावर थेंब बनतो आणि रेषा आखलेल्या तबकडीवर पडतो. भिंगातून हे थेंब मोजायचे. हे यंत्र घेऊन ते बेन नेव्हिस शिखर, स्वित्झर्लंडचे रिगी आणि पॅरिसचा आयफेल टॉवर अशा ठिकाणी गेले. शहरी हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये लाखावर, तर पर्वतावर कधी अवघे काही शे कण आढळले. कोळशाचा धूर कमी केला तरी धुके हटेलच असे नाही, कारण ज्वलनातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूंपासूनही अशी केंद्रके बनतात, हे त्यांनी ओळखले होते.

१८८९ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९१७ मध्ये त्यांना रॉयल पदक मिळाले. दरम्यान सी. टी. आर. विल्सन यांनी धूलिरहित हवेतही थेंब बनू शकतात, हे दाखवले. मात्र त्यासाठी बाष्पाचे प्रमाण संपृक्ततेच्या चौपटीपर्यंत न्यावे लागते. निसर्गातील ढगांत ते संपृक्ततेहून जेमतेम एखाद्या टक्क्याने अधिक असते. साहजिकच एटकेन यांचा निष्कर्ष अबाधित राहिला. १४ नोव्हेंबर १९१९ रोजी फॉल्कर्क येथेच त्यांचे निधन झाले. अतिसूक्ष्म कणांना आजही एटकेन केंद्रके म्हणतात.

भारताच्या दृष्टीने हा विषय केवळ इतिहासाचा नाही. कण फार वाढले की तेवढेच बाष्प अधिक थेंबांत वाटले जाते. थेंब लहान राहतात आणि पाऊस पडण्यास विलंब होतो. धुराचा थर सूर्यप्रकाश अडवून जमीन कमी तापू देतो, त्यामुळे जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरक घटून मोसमी वारे मंदावू शकतात. याउलट अरबस्तानच्या वाळवंटातून येणारी धूळ अरबी समुद्रावरील हवा तापवून त्याच वाऱ्यांना काही दिवस बळ देते, असेही अभ्यास सांगतात. १९९९ मध्ये हिंदी महासागरावर झालेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने दक्षिण आशियावरील धुराच्या थराकडे जगाचे लक्ष वेधले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ पासून विमाने थेट ढगांत पाठवून कण आणि थेंब मोजले. शेतीचे सारे गणित ज्या पावसावर अवलंबून आहे, त्याचा अंदाज अचूक व्हायचा तर हे कण मोजावेच लागतील. त्या मोजणीचा श्रीगणेशा प्रकृतीमुळे कारखाना सोडावा लागलेल्या एका अभियंत्याने केला होता.