तळ्याचा जमाखर्च मांडणारा शास्त्रज्ञ

अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर सुमारे एकदशांश ऊर्जाच पुढे पोचते, हा ‘दहा टक्क्यांचा नियम’ पाठ्यपुस्तकांतून शिकविला जातो. या नियमाशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लॉरेल लिंडमन यांना आयुष्य लाभले ते अवघे २६ वर्षांचे.

२४ जुलै १९१५ रोजी मिनेसोटा राज्यातील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३६ मध्ये मिसुरीतील पार्क महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते मिनेसोटा विद्यापीठात दाखल झाले. संशोधनासाठी त्यांनी मिनियापोलिसच्या उत्तरेकडील सिडार बॉग हे गाळाने भरत आलेले, जेमतेम मीटरभर खोलीचे तळे निवडले. पत्नी एलेनॉर यांच्या मदतीने त्यांनी तेथील प्लवक, पाणवनस्पती, कीटक आणि तळाचा गाळ यांचे नमुने वर्षानुवर्षे तपासले.

तोवर अभ्यासक प्रामुख्याने कोणता जीव कोठे राहतो व काय खातो, याच्या नोंदी करीत. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ मध्ये ‘परिसंस्था’ ही संकल्पना मांडली होती. लिंडमन यांनी तिला हिशेबाची जोड दिली. शैवाल, कीटक, मासे अशा भिन्न जीवांची तुलना करण्यासाठी त्यांनी एकच चलन वापरले, ते म्हणजे ऊर्जा.

हिशेब उद्बोधक होता. तळ्याच्या दर चौरस सेंटीमीटरवर वर्षाकाठी १,१८,८७२ कॅलरी सौरऊर्जा पडत असे. वनस्पती त्यातील जेमतेम १११ कॅलरी बांधून ठेवीत. वनस्पतिभक्षकांकडे सुमारे १५ आणि मांसभक्षकांकडे केवळ ३ कॅलरी पोचत. उरलेली ऊर्जा श्वसनात उष्णतारूपाने निघून जाई, मृत अवशेषांबरोबर विघटकांकडे जाई किंवा न खाल्लेली राही. पोषकद्रव्ये पुन:पुन्हा फिरत राहतात. ऊर्जेचा प्रवास मात्र एकेरी असतो. अन्नसाखळीच्या टोकाचे भक्षक संख्येने विरळ का, याचे उत्तर या आकड्यांत होते.

डॉक्टरेट मिळाल्यावर १९४१ मध्ये ते येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले. त्यांनी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठविलेला निबंध परीक्षकांना पसंत पडला नाही. एवढ्याशा माहितीवर इतका मोठा सिद्धान्त उभारणे त्यांना घाईचे वाटले. हचिन्सन यांनी संपादक थॉमस पार्क यांना पत्र लिहून निबंधाची बाजू मांडली. सुधारणेनंतर पार्क यांनी परीक्षकांचे मत बाजूला ठेवून तो स्वीकारला.

तथापि, छापील निबंध पाहणे लिंडमन यांच्या नशिबी नव्हते. यकृताच्या विकाराने २९ जून १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. ऑक्टोबरच्या अंकात निबंध प्रसिद्ध झाला, तो हचिन्सन यांच्या श्रद्धांजलीपर टिपणासह. पुढे तोच आधुनिक परिसंस्थाशास्त्राचा पाया मानला गेला.

विशेष म्हणजे, दहा टक्के हा ठाम आकडा लिंडमन यांच्या तळ्यात सापडत नाही. तेथे वनस्पतिभक्षकांची कार्यक्षमता १३.३ टक्के, तर मांसभक्षकांची २२.३ टक्के भरली होती. पुढील अभ्यासांतही हे प्रमाण परिसंस्थेनुसार बदलताना दिसले. म्हणूनच दहा टक्के ही स्थूल सरासरी समजावी. लिंडमन यांचे खरे देणे त्या आकड्यात नाही, तर निसर्गाचा जमाखर्च मांडता येतो हे दाखवून देण्यात आहे.