दोघांच्या मध्ये उभे राहिलेले महादजी



काही दिवसांपूर्वी मिस्सा संपल्यावर एका तरुणाने आम्हाला गाठून एक प्रश्न विचारला. कतार, नॉर्वे यांसारखे देश दुसऱ्यांच्या युद्धात मध्यस्थी करायला का जातात? त्यात त्यांना काय मिळते? त्यावेळी घाई होती, म्हणून आम्ही उत्तर पुढे ढकलले. नंतर विचार करताना लक्षात आले की, या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठी मातीतच सापडते. ते महादजी शिंदे यांच्या आयुष्यात आहे.

महादजींचा जन्म १७३० च्या सुमारास झाला. वडील राणोजी शिंदे हे मूळचे सातारा भागातील कण्हेरखेडचे. या घराण्याचा आपल्या परिसराशीही संबंध आला आहे. १७५७ साली आपल्या शेजारच्या सिंदखेडला निजामाच्या फौजेशी मराठ्यांची लढाई झाली, तिच्यात महादजींचे थोरले बंधू दत्ताजी होते. पुढे युद्धाने हे घर जवळजवळ रिकामे केले. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी १७६० च्या जानेवारीत दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले आणि पुढच्याच वर्षी पानिपतात पुतण्या जनकोजी गेला. त्याच पानिपतात महादजींच्या पायावर घाव बसला आणि ते जन्मभर लंगडत चालले. जखमी अवस्थेत त्यांना वाचवले ते राणेखान नावाच्या एका मुसलमान भिस्त्याने. महादजींनी त्याला भाऊ मानले आणि मोठ्या पदाला चढवले. युद्धाची किंमत काय असते हे अशा माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

१७७३ साली पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर हक्क सांगणारे रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि १७७५ पासून इंग्रज व पुणे दरबार यांच्यात युद्ध सुरू झाले. १७७९ च्या जानेवारीत मुंबईहून निघालेली इंग्रज फौज पुण्याच्या वाटेवर वडगावला कोंडली गेली आणि तिला तह करावा लागला. त्या विजयात महादजींचा वाटा मोठा होता. ताब्यात सापडलेल्या इंग्रजांना त्यांनी माणुसकीने वागवले. पण वरिष्ठ इंग्रजांनी तो तह मानला नाही. १७८० च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला घेतला आणि युद्ध महादजींच्या स्वतःच्या मुलखात शिरले.

आता परिस्थिती पाहा. इंग्रजांना दक्षिणेत हैदरअलीशीही लढायचे होते, म्हणून त्यांना इकडे शांतता हवी होती. पुण्यालाही युद्धाचा भार सोसेना. पण आधी हात पुढे कोणी करायचा? जो करील तो कमजोर ठरणार. अशा वेळी दोघांच्या मध्ये कोणीतरी लागतो. १७८१ च्या ऑक्टोबरमध्ये महादजींनी इंग्रजांशी आपल्यापुरता समझोता केला आणि पुण्याशी तह घडवून आणण्याचे काम अंगावर घेतले. ते नावाने पेशव्यांचे सरदार होते, पण फौज स्वतःची आणि मुलूखही स्वतःचा. पुण्याला ते आपले वाटत आणि इंग्रजांना ते शब्दाचे वाटत. फार मोठ्याच्या शब्दाची भीती वाटते आणि फार लहानाचा शब्द कोणी ऐकत नाही. मधल्याचे मात्र दोघेही ऐकून घेतात.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई या गावी तह झाला. इंग्रजांच्या वतीने डेव्हिड अँडरसन होते. रघुनाथरावांना इंग्रजांनी पाठिंबा द्यायचा नाही आणि पेशव्यांनी त्यांना महिना २५ हजार रुपये द्यायचे, असे ठरले. साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली. महादजी नुसते बोलणी करणारे नव्हते, तर दोन्ही बाजूंनी तह पाळावा यासाठी जामीन राहिले. नाना फडणविसांनी मान्यता द्यायला वेळ घेतला, कारण हैदरअली हा पुण्याचा मित्र होता. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, आणि १७८३ च्या फेब्रुवारीत तहाच्या कागदांची देवघेव पुरी झाली.

महादजींना काय मिळाले? भडोच मिळाले. आपला मुलूख वाचला. मुख्य म्हणजे उत्तरेत हात मोकळे झाले आणि १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाचा सारा कारभार त्यांच्या हाती आला. कोणतीही एक बाजू पुरती जिंकली असती तर हे झाले नसते. मधल्या सत्ता मध्यस्थी का करतात याची कारणे इथे एका ठिकाणी दिसतात. शेजारची आग आपल्या घरापर्यंत येते, समतोल टिकला तरच आपले अस्तित्व टिकते, आणि मोठ्या फौजेपेक्षा लोकांचा विश्वास स्वस्तात मान मिळवून देतो.

मग ही मध्यस्थी स्वार्थी म्हणून खोटी ठरवायची का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हेतू आणि कृती वेगवेगळे तपासायला आम्ही शिकलो. मध्यस्थाला स्वतःचे हित असणे हा दोष नव्हे. ते लपवले तर दोष. उलट तह मोडला तर ज्याचेही नुकसान होईल, तोच तो मनापासून राखतो.

खरा प्रश्न दुसराच आहे, आणि तो आम्हाला बोचतो. जे बैठकीत नव्हते त्यांचे काय झाले? हैदरने जिंकलेला मुलूख सोडावा असे कलम सालबाईत लिहिले गेले, पण तिथे हैदरचा माणूस नव्हता. वसई आणि साष्टी या दोन्ही भागांत आपले ख्रिस्ती बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. खाडीच्या एका तीरावर पेशव्यांचे राज्य, दुसऱ्या तीरावर इंग्रजांचे, असे ठरले तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. शांतता खरीच होती, पण तिचा हिशेब दुसऱ्यांच्या खात्यावर मांडला गेला.

तरीही मराठे आणि इंग्रज यांच्यात सुमारे २० वर्षे युद्ध झाले नाही. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. तेथील शिंदे छत्री आजही पाहता येते. त्यांच्यानंतर दोघांचा विश्वास असलेला माणूस उरला नाही. १८०३ साली पुन्हा युद्ध पेटले आणि २३ सप्टेंबरला शेजारच्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानावर त्यांचे वारस दौलतराव इंग्रजांकडून हरले. जामीन गेला की करार नुसता कागद उरतो.

हीच गोष्ट पुढे जगानेही पाहिली. कोरियातील युद्ध १९५३ मध्ये थांबले, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक कैद्यांचा सांभाळ करण्याचे काम भारताने पत्करले. त्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले मराठी सेनानी शंकरराव थोरात. चिली आणि अर्जेंटिना १९७८ च्या अखेरीस युद्धाच्या तोंडाशी आले होते. तेव्हा पोप महोदयांनी मध्यस्थी केली आणि १९८४ मध्ये तह झाला. नॉर्वेने १९९३ मध्ये इस्रायल व पॅलेस्टिनी नेत्यांना जवळ आणले, तर २०२० मध्ये अमेरिका आणि तालिबान यांचा करार कतारमधील दोहा येथे झाला. अफगाणिस्तानचे तेव्हाचे सरकार त्या कराराच्या टेबलावर नव्हते. साष्टीची आठवण इथे होतेच.

बंधुभगिनींनो, आपल्या गावातही धुऱ्यावरून, विहिरीच्या पाण्यावरून, भावाभावांच्या वाटणीवरून भांडणे होतात. तुम्हाला कोणी मध्ये बोलावले तर टाळू नका. आपले हित काय आहे ते आधीच सांगा. दिल्या शब्दाला जामीन राहा. आणि बैठकीला बसण्यापूर्वी एकदा मोजून पाहा, कोण आलेले नाही. वाटणीच्या बैठकीत बहुतेक वेळा ती घरातली बहीण असते किंवा विधवा भावजय असते. तिला बोलावून घ्या, मगच बोलणी सुरू करा.

आपले धर्मगुरू