तळणीची दोन मिनिटं

धामणगाव आणि पुलगावच्या मधे, वऱ्हाडात, तळणी नावाचं छोटं स्टेशन लागतं. २२ जानेवारी १८९८ ला तिथे खग्रास सूर्यग्रहण दिसलं. ते बघायला बोटीने आणि मग आगगाडीने इंग्लंडहून एक जोडपं आलं होतं, ॲनी आणि वॉल्टर माँडर. वॉल्टर ग्रिनिच वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ. ॲनीबाई मात्र कागदोपत्री फक्त त्यांची बायको.

ॲनीबाई मूळच्या आयर्लंडच्या. जन्म १८६८ चा, वडील प्रेस्बिटेरियन पाळक. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणित शिकल्या आणि १८८९ मध्ये शेवटची परीक्षा मानाने पास झाल्या. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं. १८९१ मध्ये ग्रिनिचला त्या ‘कॉम्प्युटर’ म्हणून लागल्या. त्या काळी हे यंत्राचं नाही, आकडेमोड करणाऱ्या माणसाचं नाव होतं. पगार महिना ४ पौंड. काम म्हणजे सूर्याचे फोटो घ्यायचे आणि त्यावरचे डाग मोजायचे. विभाग वॉल्टर यांचा. ते विधुर होते, पाच मुलांचे वडील, वयाने १७ वर्षांनी मोठे. १८९५ च्या डिसेंबरात दोघांनी लग्न केलं आणि ॲनीबाईंना नोकरी सोडावी लागली. लग्न झालेल्या बाईला तिथे जागा नव्हती.

नोकरी सुटली, सूर्याचा नाद सुटला नाही. पुढच्याच वर्षी दोघं ग्रहण बघायला थेट नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेले. तिथे ढग आले. एवढा प्रवास, आणि हाती काहीच नाही! तरी दीड वर्षात ते भारतात हजर.

या वेळी ॲनीबाईंचा स्वतःचा कॅमेरा होता. त्याचं भिंग अवघं दीड इंचाचं, गर्टन कॉलेजने दिलेल्या पैशांतून घेतलेलं. तळणीचं आकाश स्वच्छ होतं. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक लांबच लांब झोत टिपला, सुमारे ६० लाख मैलांचा. इतका लांब झोत त्याआधी कुणाच्याच फोटोत आला नव्हता.

मग १९०० मध्ये अल्जियर्स, १९०१ मध्ये मॉरिशस. १९०५ मध्ये कॅनडातल्या लॅब्राडोरला परत ढग. मधल्या काळात दोघांनी कित्येक वर्षांच्या सूर्यडागांच्या नोंदी एका कागदावर मांडल्या आणि आकृती फुलपाखरांच्या रांगेसारखी दिसू लागली. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र समजवायला ती आजही वापरतात. १९०४ मध्ये ती प्रसिद्ध झाली वॉल्टर यांच्या नावाने. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने ॲनीबाईंना १८९२ मध्ये सदस्यत्व नाकारलं होतं. ते मिळालं थेट १९१६ मध्ये.

वॉल्टर यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९०८ मध्ये दोघांच्या नावाने आकाशाविषयी एक पुस्तक निघालं, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट लिहिलं की हे जवळजवळ सगळं काम बायकोचं आहे. नियम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, खरं सांगणं होतं. घरातल्या माणसाचं श्रेय चारचौघांत मोकळेपणाने मान्य करणं आजही किती जणांना जमतं?

१९२८ मध्ये वॉल्टर गेले. ॲनीबाई सप्टेंबर १९४७ मध्ये गेल्या. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली १९४८ मध्ये. चंद्रावरच्या एका विवराला माँडर नाव आहे आणि ते दोघांचं मिळून आहे.

आपल्या पलसाण्याला त्यांचं दुःख नक्की कळेल. २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास ग्रहणाची सावली सुरतेवरून आणि आपल्यावरूनच गेली. तीन मिनिटांहून जास्त वेळ अंधार पडला, पण वर पावसाळी ढग. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर इथून खंडग्रास ग्रहण दिसायचं आहे. ऑगस्ट म्हणजे परत पाऊस, हे मान्य. तरी ग्रहणाचे चष्मे आणून ठेवू आणि गच्चीवर जाऊ. ढग आले तर आले. ॲनीबाई नॉर्वेहून रिकाम्या हाताने परतल्या होत्या, म्हणून त्या तळणीला यायच्या थांबल्या नाहीत.