संत जेन फ्रान्सिस डी शांताल : दुःखात टिकलेली श्रद्धा

संत जेन फ्रान्सिस डी शांताल हिचा सण १२ ऑगस्टला येतो. त्या सुमारास आपल्याला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाचे वेध लागलेले असतात, त्यामुळे या संताकडे आपले लक्ष फारसे जात नाही. मात्र ज्यांच्या घरातले माणूस अकाली गेले आणि ज्यांना प्रार्थनेला बसले तरी काहीच सुचत नाही, त्यांनी तिची ओळख जरूर करून घ्यावी.

जेनचा जन्म १५७२ साली फ्रान्समधील दिजों शहरात झाला. ती दीड वर्षाची असताना आई वारली. वडील मोठे न्यायाधीश होते, त्यांनीच तिला वाढवले. विसाव्या वर्षी ख्रिस्तोफ या सरदाराशी तिचे लग्न झाले. सासरची जहागीर कर्जात रुतलेली होती. तिने स्वतः हिशेब हाती घेऊन घडी बसवली. दुष्काळात ती दारात भाकरी आणि सूप वाटत असे. काहीजण मागच्या वाटेने फिरून पुन्हा रांगेत उभे राहत. ते तिच्या लक्षात येई, तरी ती पुन्हा वाढत असे. संसार सुखाचा होता. पहिली दोन बाळे दगावली, पुढची चार जगली.

१६०१ साली धाकटी शार्लोट काही आठवड्यांची असताना ख्रिस्तोफ शिकारीला गेला. सोबतच्या मित्राला झुडपात जनावर असल्याचा भास झाला आणि त्याची गोळी ख्रिस्तोफला लागली. नऊ दिवस तो वेदनेत होता. त्याने मित्राला मनापासून क्षमा केली. जेन मात्र देवापाशी झगडत होती. हवे ते सारे ने, पण माझा नवरा मला ठेव, अशी तिची विनवणी होती. ती ऐकली गेली नाही. एकोणतिसाव्या वर्षी ती विधवा झाली.

पुढची सात-आठ वर्षे तिने सासऱ्याच्या घरी काढली. नातवंडांना वारसाहक्क देणार नाही, या धमकीमुळे तिला तिथे राहावे लागले. घरात सत्ता होती एका मोलकरणीची. सून असूनही जेनला तिचे टोमणे मुकाट्याने ऐकावे लागत.

याच काळात, १६०४ च्या उपवासकाळात, जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस डी सेल्स दिजोंला प्रवचने द्यायला आले आणि तिला आध्यात्मिक मार्गदर्शक लाभले. नवऱ्याला गोळी लागलेल्या त्या माणसाचे तोंड पाहणेही तिला नकोसे झाले होते. बिशपांनी तिच्यावर बळजबरी केली नाही. त्याला मुद्दाम शोधत जाऊ नकोस, पण गाठ पडलीच तर मन मऊ ठेव, एवढेच त्यांनी सुचवले. आधी रस्त्यात नमस्कार, मग घरी बोलावणे, असे करता करता ती त्याच्या मुलाची धर्ममाता झाली. यात वर्षे गेली. आपण सांत्वनाला जातो तेव्हा चौथ्या दिवशीच समोरच्याकडून शांत मनाची अपेक्षा करतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

१६१० साली अ‍ॅनसी येथे या दोघांनी मरियेच्या भेटीचा, म्हणजे व्हिजिटेशनचा संघ स्थापन केला. इतर मठांत ज्यांना प्रवेश मिळत नसे, अशा आजारी, वयस्क आणि विधवा स्त्रियांनाही इथे जागा होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला छोटी शार्लोट देवाघरी गेली होती. घर सोडताना चौदा वर्षांचा मुलगा उंबरठ्यावर आडवा पडला. जेन रडत रडत त्याला ओलांडून गेली. त्याच्या शिक्षणाची सोय तिने आजोबांकडे केली होती हे खरे, तरीही हा प्रसंग वाचताना आजही जीव कासावीस होतो.

मठात गेल्यावर दुःख संपले असे नाही. १६१७ साली थोरल्या मुलीचा नवरा वारला. त्या धक्क्याने ती अकाली बाळंत झाली, बाळ गेले, आणि एकोणीस वर्षांची ती मुलगीही आईसमोरच गेली. १६२२ मध्ये फ्रान्सिस डी सेल्स वारले. १६२७ मध्ये उंबरठ्यावर आडवा पडलेला तो मुलगा रे बेटावरच्या लढाईत ठार झाला. मागे वर्षभराची मुलगी राहिली. हीच पुढे पत्रलेखिका मादाम डी सेव्हिन्ये म्हणून फ्रान्समध्ये नावाजली. अ‍ॅनसीत प्लेग आला तेव्हा मदर जेनना निघून जाण्याचा सल्ला मिळाला, पण त्यांनी शहर सोडले नाही.

हे सारे बाहेरून दिसणारे होते. आतली गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. जवळजवळ चाळीस वर्षे मदर जेनना श्रद्धेविषयीच्या शंकांनी छळले. शेकडो भगिनींना प्रार्थना शिकवणाऱ्या मदरना स्वतःच्या प्रार्थनेत गोडी लागत नसे. शंकांशी वाद घालत बसू नये, हातातले काम आणि प्रार्थना चालू ठेवावी, असे फ्रान्सिस डी सेल्स यांनी त्यांना शिकवले होते. त्या तेच करत राहिल्या. शंकेचे उत्तर मिळाले म्हणून नव्हे, तर मिळत नसतानाही.

पॅरिसमधील मठाचे मार्गदर्शक संत व्हिन्सेंट डी पॉल यांना हे माहीत होते. ते स्वतःही अशा अंधारातून गेले होते. त्या दिवसांत त्यांनी श्रद्धेचा अंगीकार कागदावर लिहून छातीशी बाळगला होता, आणि बोलायला बळ नसले की त्यावर नुसता हात ठेवत. मदर जेन गेल्यावर त्यांनीच सांगितले, की मनात एवढा छळ असताना चेहऱ्यावरची शांती ढळली नाही आणि कर्तव्यात खंड पडला नाही.

१३ डिसेंबर १६४१ रोजी मुलें येथील मठात त्यांचे देहावसान झाले. तोवर संघाची ऐंशीहून अधिक घरे झाली होती. १७६७ साली त्यांना संतपद मिळाले. याच संघाच्या पारे-ल-मोनियाल येथील मठात, त्यांच्या मृत्यूनंतर तीस-बत्तीस वर्षांनी, संत मार्गारेट मेरी अलाकोक यांना येशूच्या पवित्र हृदयाचे दर्शन घडले. त्या हृदयाची तसबीर आपल्या घराघरांत आहे. घरात कोणी गेले की दिवा आपण तिच्यासमोरच लावतो.