लाफायेत : राजा आणि क्रांती यांच्यामध्ये उभा राहिलेला सरदार

पॅरिसची जनता १४ जुलै १७८९ रोजी बॅस्टिलच्या किल्ल्यावर चालून गेली, तेव्हा त्या कुप्रसिद्ध तुरुंगात अवघे ७ कैदी होते. किल्ला पडला, पुढे तो जमीनदोस्त करण्यात आला आणि त्याची एक किल्ली अटलांटिकपार जॉर्ज वॉशिंग्टन यांना भेट म्हणून गेली. माउंट व्हर्नन येथील त्यांच्या वास्तूत ती आजही जपून ठेवलेली आहे. ही भेट पाठविणारा मार्की द लाफायेत हा फ्रान्सच्या अत्यंत धनाढ्य सरदारांपैकी एक होता. राजसत्तेला लगाम घालण्यात तो अग्रभागी होता, आणि क्रांती आवरू पाहणाऱ्यांतही तो होता. फ्रान्समधील राजेशाही का कोसळली आणि तिच्या पतनानंतर काय ओढवले, हे त्याच्या आयुष्यातून फार स्पष्टपणे दिसते.

लाफायेतचा जन्म ६ सप्टेंबर १७५७ रोजी ओव्हेर्न्य प्रांतातील शाव्हान्याक येथे झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता, तेव्हा मिंडेनच्या लढाईत इंग्रजी तोफेने त्याच्या पित्याचा बळी घेतला. बाराव्या वर्षी आईही गेली आणि अफाट संपत्ती या पोरक्या मुलाच्या नावावर आली. सोळाव्या वर्षी दरबारात वजन असलेल्या नोआय घराण्यातील आद्रियेनशी त्याचा विवाह झाला. व्हर्सायच्या दरबारात सुखाने आयुष्य घालविण्याची सारी सोय झालेली होती. परंतु इंग्लंडविरुद्ध उठलेल्या अमेरिकी वसाहतींची वार्ता ऐकून १७७७ मध्ये, राजाज्ञा मोडून, स्वखर्चाने घेतलेल्या जहाजातून हा एकोणीस वर्षांचा तरुण निघून गेला. ब्रँडीवाइनच्या लढाईत तो जखमी झाला आणि वॉशिंग्टन यांचा पुत्रवत विश्वास त्याने संपादन केला. १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली, त्या विजयात त्याचा मोठा वाटा होता. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि मराठे व निजाम यांच्या साथीने १७९२ मध्ये त्याने टिपूला नमविले.

अमेरिकेच्या या स्वातंत्र्ययुद्धाची किंमत मात्र फ्रान्सच्या खजिन्याला मोजावी लागली. फ्रान्सने त्यासाठी एक अब्जाहून अधिक लिव्हर खर्च केले आणि तेही मुख्यतः कर्ज काढून. १७८८ पर्यंत सरकारी खर्चापैकी जवळजवळ निम्मी रक्कम कर्जफेडीत आणि व्याजात जाऊ लागली. देश गरीब नव्हता. पण ज्यांच्याजवळ संपत्ती होती ते धर्मगुरू आणि सरदार बहुतेक करांतून मुक्त होते. जमिनीवरील कर, मिठावरील कर, चर्चचा वाटा आणि जमीनदाराचे हक्क यांचे ओझे शेतकऱ्याच्या पाठीवर होते. व्यापारी, वकील, डॉक्टर असा शिकलेला मध्यमवर्ग संपन्न होत होता. परंतु उच्च पदांची दारे त्याला जवळजवळ बंद होती. अशा वेळी जुलै १७८८ मध्ये गारपिटीने उभी पिके झोडपली, त्यामागून कडाक्याचा हिवाळा आला आणि पावाची किंमत गगनाला भिडली. रिकामा खजिना, सवलती न सोडणारा वरिष्ठ वर्ग आणि उपाशी शहर अशी तीन संकटे एकाच वेळी सोळाव्या लुईपुढे उभी राहिली.

राजाने १७८७ मध्ये निवडक प्रतिष्ठितांची सभा बोलाविली, तेव्हा तिच्यात लाफायेतही होता. करसुधारणेला या सभेने दाद दिली नाही. लाफायेतने तेथे राष्ट्राच्या प्रतिनिधींची सभा बोलाविण्याची मागणी केली. अखेर ५ मे १७८९ रोजी एस्टेट्स जनरल ही सभा भरली. तिची आधीची बैठक १६१४ साली सुरू झाली होती. मते माणशी मोजायची की वर्गवार, या प्रश्नावर ती अडली आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले. ११ जुलै रोजी लाफायेतने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आपला मसुदा या सभेपुढे ठेवला. पॅरिसमध्ये वकील असलेल्या टॉमस जेफरसन यांचा सल्ला त्याला लाभला होता. त्याच दिवशी राजाने लोकप्रिय अर्थमंत्री नेकेर याला बडतर्फ केले. तीन दिवसांनी बॅस्टिल पडले आणि लगोलग पॅरिसच्या नागरी सेनेचे, म्हणजेच नॅशनल गार्डचे, नेतृत्व लाफायेतकडे आले. पॅरिसच्या निळ्या व तांबड्या रंगांत राजघराण्याचा पांढरा रंग मिळवून त्याने तिरंगी चिन्ह रूढ केले. राजा आणि राष्ट्र एकत्र नांदतील, ही त्याची श्रद्धा त्या चिन्हात होती.

या श्रद्धेला पहिला तडा लवकरच गेला. ५ ऑक्टोबरला पावासाठी हजारो स्त्रिया व्हर्सायवर चालून गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे जमाव राजवाड्यात घुसला. राणी मारी आंत्वानेतला घेऊन लाफायेत सज्जात आला आणि लोकांसमक्ष त्याने तिच्या हाताचे चुंबन घेतले. जमाव निवळला, पण राजपरिवाराला पॅरिसला जावे लागले. जून १७९१ मध्ये राजा वेषांतर करून पळाला आणि व्हारेन येथे पकडला गेला. पहाऱ्याची जबाबदारी लाफायेतची असल्याने संशयाचे बोट त्याच्याकडे वळले. राजाला दूर करण्याची मागणी करणाऱ्या जमावावर १७ जुलै १७९१ रोजी शाँ द मार्स मैदानात त्याच्याच सैनिकांनी गोळ्या झाडल्या. जनतेचा लाडका सेनानी तिच्या रक्ताचा धनी ठरला. दुसरीकडे, राणी आणि दरबार यांच्या लेखी तो घरभेदीच होता. त्याने देऊ केलेली मदतही त्यांनी झिडकारली.

१० ऑगस्ट १७९२ रोजी राजवाडा पडला आणि राजसत्ता संपली. ऑस्ट्रियाविरुद्धच्या आघाडीवर असलेल्या लाफायेतला अटकेचे हुकूम निघाले. सीमा ओलांडताच ऑस्ट्रियाने त्याला क्रांतिकारक म्हणून पकडले. पाच वर्षांचा बंदिवास त्याच्या वाट्याला आला. त्यातील बराच काळ ओलम्युट्सच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स) कोठडीत गेला. दरम्यान २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद झाला आणि पाठोपाठ दहशतीचे राज्य आले. आद्रियेनची आजी, आई आणि बहीण २२ जुलै १७९४ रोजी एकाच दिवशी गिलोटिनखाली गेल्या. रोब्सपिएरचे पतन अवघ्या पाच दिवसांवर आले होते. सुटका होताच आद्रियेन दोन मुलींसह ओलम्युट्सला पोहोचली आणि पतीच्या बंदिवासात स्वेच्छेने सहभागी झाली. तेथे ढासळलेली तिची प्रकृती पुन्हा सुधारली नाही.

१७९७ मध्ये नेपोलियनच्या विजयांमुळे लाफायेत मुक्त झाला. तरीही नेपोलियनला तहहयात सत्ता देण्यास त्याने १८०२ मध्ये विरोध नोंदविला आणि तो ला ग्रांज येथे शेती करीत राहिला. पुढे नेपोलियन गेला आणि जुने राजघराणे परतले. त्यातील दहाव्या चार्ल्सने जुलै १८३० मध्ये मुद्रणस्वातंत्र्यावर घाला घालताच पॅरिस पुन्हा पेटले. बहात्तर वर्षांच्या लाफायेतकडे पुन्हा नॅशनल गार्ड सोपविले गेले. अनेकांना तेव्हा प्रजासत्ताक हवे होते. परंतु १७९३ विसरू न शकलेल्या या वृद्धाने सज्जात तिरंग्याखाली लुई फिलिपला आलिंगन दिले आणि फ्रान्सला नवा राजा मिळाला. काही महिन्यांतच त्याने या राजाची साथ सोडली.

२० मे १८३४ रोजी लाफायेतचे निधन झाले. अंत्ययात्रेत निदर्शने होतील या धास्तीने राजाने लोकांना लष्करी बंदोबस्ताने दूर ठेवले. गिलोटिनला बळी पडलेल्या तेराशेहून अधिक जणांना जेथे सामूहिक खड्ड्यांत लोटले होते, त्या पिकप्यू येथे पत्नीशेजारी त्याला पुरण्यात आले. थडग्यावर अमेरिकेहून आणलेली माती पसरली गेली. १८४८ मध्ये लुई फिलिपचेही सिंहासन गेले. सरंजामी हक्कांचा अंत आणि कायद्यापुढील समानता या १७८९ च्या देणग्या मात्र कोणत्याही राजाला काढून घेता आल्या नाहीत. लाफायेतने राजांच्या वचनांवर ठेवलेला विश्वास वारंवार फोल ठरला. त्याने सभेपुढे ठेवलेल्या हक्कांच्या मसुद्यामागील तत्त्वे मात्र फ्रान्सच्या राज्यघटनेचा आजही आधार आहेत.