कै. प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि आपला परिसर

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील आपल्या ज्ञातिबांधवांना मानमोडीचा डोंगर आणि नाणेघाट लहानपणापासून परिचित आहेत. या परिसराकडे संशोधकाच्या दृष्टीने पाहावयास शिकविणाऱ्यांत कै. प्रा. कोसंबी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. आणि नवल हे की, ते मुळात गणिती होते.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. पाली वाङ्मयाचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९१८ साली वडिलांसमवेत ते अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी सन्मानपूर्वक मिळवून स्वदेशी परतले. काशी व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. पुढे १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते. गुणसूत्रावरील अंतरे काढण्याचे त्यांचे १९४४ मधील सूत्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

संख्याशास्त्राचा पडताळा पाहावा म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते; काळ जितका अधिक, तितकी झीज अधिक. या साध्या तत्त्वावर हजारो नाणी तोलून त्यांनी त्यांचा कालक्रम लावला. परंतु ही नाणी पाडली कोणी आणि कशासाठी, हा प्रश्न उरलाच. त्या प्रश्नाने त्यांना इतिहासाकडे वळविले आणि पायी रानोमाळ हिंडविले. गणिताचा मार्ग सोडल्याचा आक्षेप त्यांच्यावर आला. पण मोजावे, ताडून पाहावे, मगच बोलावे, ही गणित्याची शिस्त त्यांनी कधी सोडली नाही.

जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत धान्यव्यापारी, कासार व बुरूड यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. यवनांची दानेही नोंदलेली आहेत. अशा लेण्यांचा संबंध कोसंबींनी घाटातून कोकणच्या बंदरांकडे उतरणाऱ्या व्यापारी मार्गांशी जोडला. मानमोडी या देवीचे नाव त्यांनी प्राचीन लेखातील डोंगराच्या नावाशी ताडून पाहिले. भिक्षू गेले, लेणी ओस पडली, तरी लोकांच्या मुखातील नाव टिकून राहिले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

२९ जून १९६६ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या काही मतांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि शेंदूर माखलेला दगड, जुनी पायवाट आणि आजीच्या तोंडचे शेताचे नाव हाही इतिहासाचा पुरावाच होय, ही त्यांची शिकवण मोलाची आहे. रस्ते रुंद होत असता असे दगड हलतात आणि नावे विसरली जातात. आपल्या घरांतील मुलामुलींनी ती वेळीच वहीत टिपून ठेवावीत.